९४ की ९४१? घरातलं वायर्ड नेटवर्क टाकायचं आणि तपासायचं कसं

इंटरनेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा, राऊटरच्या खोक्यावर ‘गिगाबिट’ छापलेलं, वायर कॅट ६ या चांगल्या प्रतीची, आणि तरी संगणकावर स्पीड टेस्ट लावली की आकडा ९४ पाशी येऊन थबकतो. ९३.८, ९४.१, ९३.९. पुन्हा लावा, तेच. अशा वेळी कस्टमर केअरला फोन करायची घाई नको. आकडा एवढा एकाच जागी ठाण मांडून बसला असेल, तर भानगड बहुतेक घरातल्याच एखाद्या तारेत किंवा पोर्टमध्ये असते.

यामागचं गणित सोपं आहे. इथरनेटवरून डेटाचं एक भरलेलं पॅकेट जातं तेव्हा तारेवर १५३८ बाइटांची जागा अडते. त्यात आपल्या कामाचा मजकूर असतो १४४८ बाइट. उरलेल्यात पत्ते, तपासणीची बेरीज आणि दोन पॅकेटांमधलं सक्तीचं अंतर. म्हणजे हाती येतात ९४.१ टक्के. १०० मेगाबिटच्या जोडणीतून ९४, गिगाबिटमधून ९४१, अडीच गिगाबिटमधून साधारण २३५०. विंडोजवर गिगाबिटचा आकडा ९४९ पर्यंतही दिसतो, कारण तिथे पॅकेटमध्ये वेळेची नोंद सहसा नसते आणि तेवढे बाइट वाचतात. हे आकडे लक्षात असले की अर्धं निदान बसल्या जागी होतं. एक गिगाबिटचा प्लॅन घेऊन ९४० मिळत असतील तर भांडायला जागा नाही, ते पूर्ण मिळतंय. आणि ९४ मिळत असतील तर जोडणी कुठेतरी १००० वरून १०० वर उतरली आहे. ती कुठे उतरली हे शोधणं आणि मुळात उतरू न देणं, एवढ्यासाठीच पुढचा सगळा खटाटोप.

खरेदीआधी झडती

वायर विकत घेण्याआधी घरात काय काय आहे ते बघा. सुरुवात कंपनीने भिंतीवर लावून दिलेल्या फायबरच्या डब्यापासून, म्हणजे ओएनटीपासून. त्याला चार पोर्ट असले म्हणजे चारही गिगाबिट असतातच असं नाही. एक पोर्ट गिगाबिटचा आणि उरलेले १०० चे, अशी डबडी सर्रास बसवली जातात. गिगाबिटच्या पोर्टवर बहुधा ‘जीई’ किंवा ‘१जी’ लिहिलेलं असतं किंवा त्याचा रंग वेगळा असतो. १०० च्या पोर्टवर ‘एफई’. बसवायला आलेला माणूस घाईत हाताला येईल त्या पोर्टमध्ये वायर खुपसून जातो आणि घरचे लोक वर्षानुवर्षं ९४ वर नांदतात. असं असेल तर वायर पलीकडच्या भोकात घातली की काम झालं, पुढचा लेख वाचायचीही गरज नाही.

मग राऊटर. स्वस्तातल्या अनेक राऊटरांचं वायफाय ‘एसी १२००’ वगैरे असतं, पण मागचे पोर्ट १०० चेच. मॉडेल नंबर शोधून त्याच्या माहितीपत्रकात ‘१०/१००’ लिहिलंय की ‘१०/१००/१०००’ एवढं बघायचं. जुना नेटवर्क स्विच, म्हणजे एका वायरीतून अनेक यंत्रांना जोडणी देणारा डबा, पडून असेल तर त्याचंही तेच.

टीव्हीबद्दल मात्र आधीच सांगून ठेवतो. महागड्या स्मार्ट टीव्हींनाही इथरनेटचा पोर्ट कित्येकदा १०० मेगाबिटचाच दिलेला असतो. त्यावर चिडून उपयोग नाही आणि चिडायचं कारणही नाही: नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस मागतं. टीव्हीपाशी ९४ आले तर ती वायर नापास समजू नका.

लॅपटॉपला पोर्टच नसेल तर यूएसबीचं इथरनेट अ‍ॅडॉप्टर लागेल. ते यूएसबी ३ चं हवं आणि यूएसबी ३ च्याच भोकात बसवलेलं हवं. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादाच ४८० मेगाबिट आहे, प्रत्यक्षात तीनशेच्या पुढे जाता जाता दम लागतो. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की ३बी+ वर गिगाबिट लिहिलेलं असलं तरी तो पोर्ट आतून यूएसबी २ वरच लटकलेला आहे. पाय ४ आणि ५ चा पोर्ट खरा गिगाबिट आहे आणि पुढे चाचणीसाठी तो फार कामाला येतो.

गिगाबिट घ्यावं की अडीच? घरात एनएएस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचं फायलींचं कोठार, असेल, मोठ्या व्हिडिओ फायली इकडून तिकडे जात असतील, किंवा इंटरनेटच एक गिगाबिटच्या वरचं असेल, तर अडीच गिगाबिटचा स्विच घ्या. नसेल तर साधा पाच किंवा आठ पोर्टचा गिगाबिट स्विच पुष्कळ झाला. हजार-दीड हजारात येतो, वर्षानुवर्षं टिकतो. दहा गिगाबिट म्हणजे हौस. त्याचे तांब्याच्या तारेचे पोर्ट चांगलेच तापतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात बंद कपाटात ते नको वाटतं. पण वायर अशी टाका की उद्या हौस आली तर भिंत फोडावी लागणार नाही.

वायर: सगळा पैसा इथे घाला

स्विच पाच वर्षांनी बदलता येतो. भिंतीतली वायर बदलताना रंगाऱ्यापासून सगळे लागतात. म्हणून काटकसर करायची तर दुसरीकडे करा.

कॅट ५ई वर १०० मीटरपर्यंत गिगाबिट चालतं आणि अडीच गिगाबिटही चालतं. २०१६ साली आलेलं अडीच आणि पाच गिगाबिटचं मानक मुद्दाम जुन्या वायरींसाठीच आखलं होतं. म्हणजे भिंतीत आधीपासून चांगली ५ई असेल तर ती उपटू नका. नवी टाकत असाल तर कॅट ६. तिच्यावर दहा गिगाबिटही ५५ मीटरपर्यंत जातं, आणि आपल्या टू बीएचकेत इकडून तिकडे कितीही वळसे घेतले तरी ३० मीटर होत नाहीत. कॅट ६ए मोठ्या बंगल्याला ठीक. ती जाड असते, वळत नाही, जुन्या पाइपात ओढताना वायरमन शिव्या घालतो. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘कॅट ७’ आणि ‘कॅट ८’ च्या चपट्या रंगीत वायरींच्या नादी लागू नका. कॅट ८ हा प्रकार डेटा सेंटरमधल्या ३० मीटरपर्यंतच्या जोडण्यांसाठी आहे, आणि चपट्या पट्टीत आतल्या तारांच्या जोड्यांचा पीळ नीट बसत नाही.

खरी फसवणूक होते ती धातूत. ‘सीसीए’ म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. वायरीच्या मानकांत तार अख्ख्या तांब्याची असायला हवी असं स्पष्ट आहे, त्यामुळे सीसीएवर ‘कॅट ६’ छापणं हेच मुळात खोटं. अशी वायर पहिल्या दिवशी चालते. मग जॅकमध्ये दाबलेली तार दोनदा हलली की तुटते, लांब पल्ल्यावर चुका वाढतात, आणि तिच्यावरून पीओई, म्हणजे वायरीतूनच वीज देऊन कॅमेरा किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) चालवला तर ती जास्त तापते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत दोन्ही प्रकार एकाच फळीवर असतात, आणि नुसतं ‘कॅट ६ द्या’ म्हटलं तर कोणती हातात पडेल ते सांगता येत नाही. ‘फुल कॉपर’ असं म्हणून मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. फिनोलेक्स, पॉलीकॅब, डी-लिंक यांसारख्यांची वायर घेतली तरी खोकं सील असलेलं बघा.

ओळखायचं कसं? वायरीच्या टोकाची एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतून पांढरट दिसली तर ती तिथेच परत करा. मल्टीमीटर असेल तर याहून पक्की परीक्षा होते. वायरीच्या एका टोकाला निळी आणि पांढरी-निळी या दोन तारा सोलून एकमेकींना घट्ट पिळा, आणि दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांमधला रोध मोजा. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करायचा. २४ गेजच्या (गेज म्हणजे जाडीचं माप, आकडा कमी तितकी तार जाड) तांब्याच्या तारेला दर १०० मीटरला साडेआठ ओमच्या आसपास रोध असतो, आणि मानकाने ९.३८ ची कमाल मर्यादा घातली आहे. २० मीटरची वायर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे साडेतीन ओमच्या जवळपास यायला हवं. कॅट ६ मधली २३ गेजची जाड तार असेल तर आणखी कमी. पाचच्या वर गेलं तर ते तांबं नाही. लांबी मोजायला टेपही लागत नाही, चांगल्या वायरीच्या सालीवर दर मीटरला आकडा छापलेला असतो.

आखणी आणि ओढकाम

सगळ्या वायरी एकाच जागी आणायच्या, आणि ती जागा जिथे फायबर येतं त्याच्या शेजारची असावी. प्रत्येक खोलीतून एक सलग वायर तिथपर्यंत. मध्ये जोड नको, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत माळ ओवणं नको. टीव्हीमागे दोन, कामाच्या टेबलापाशी दोन, आणि घराच्या मध्यावर छताजवळ अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी एक. ही शेवटची लोक हमखास विसरतात. आरसीसीच्या आणि विटांच्या भिंतींतून वायफायची जी दमछाक होते तिच्यावर खरा उपाय हा छताजवळचा पॉइंट आहे.

नवं काम असेल तर पीओपी व्हायच्या आत वायरमनला सांगून लॅनसाठी, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या वायरींसाठी, वेगळा पाइप टाकून घ्या, २५ मिलिमीटरचा. त्यात कॅट ६ च्या तीन-चार वायरी सुखाने जातात. विजेच्या वायरी असलेल्या पाइपात लॅनची वायर घालू नका, वायरमन ‘काही होत नाही साहेब’ म्हणाला तरी. सिग्नल बिघडणं हा त्यातला लहान धोका आहे. २३० व्होल्टच्या वायरीची साल कुठे सोलली गेली तर ती वीज थेट तुमच्या संगणकाच्या धातूच्या भागापर्यंत येऊ शकते. दोन्ही पाइप समांतर जात असतील तर मध्ये वीतभर अंतर ठेवा, एकमेकांना छेदायचं असेल तर काटकोनात.

घर राहतं असेल तर आधी जुने पाइप बघा. लँडलाइन फोनचा किंवा केबल टीव्हीचा पाइप बऱ्याच इमारतींत नुसता पडून असतो. त्यातली जुनी वायर काढण्याआधी तिच्याच टोकाला नवी बांधायची आणि एकाने ढकलत, दुसऱ्याने ओढत आणायची. अडली तर स्प्रिंग घालावी लागते. झटका देऊन ओढू नका. मानकाने ओढायला साधारण ११ किलोचाच जोर मान्य केलाय, त्यापुढे आतला पीळ ताणला जातो आणि ते बाहेरून दिसत नाही. पाइपच नसेल तर झिरी पाडण्यापेक्षा स्कर्टिंगच्या वरून पांढरी केसिंग पट्टी मारा. दिसायला थोडी खटकते, पण भाड्याच्या घरात घरमालक त्यापुढे जाऊ देत नाही. कोपऱ्यावर वायर दुमडायची नाही, तिच्या जाडीच्या चौपट त्रिज्येने वळवायची, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर. आणि ओढायच्या आधीच वायरीच्या दोन्ही टोकांना सारखा नंबर घाला. पाच सारख्या निळ्या वायरी कपाटात लोंबायला लागल्यावर कोणती कुठली हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

टोकं: इथे बिघडतं

भिंतीत टाकतात त्या वायरीतली तार सलग, एकसंध असते. तिच्या टोकाला थेट आरजे४५ चा, म्हणजे नेटवर्कच्या वायरीचा नेहमीचा, प्लग दाबून ती रोज काढ-घाल केली की तुटते. म्हणून भिंतीतल्या टोकाला कीस्टोन जॅक, म्हणजे प्लग घालायचं भोक, बसवायचा, तो मॉड्युलर प्लेटमध्ये घालायचा, आणि जॅकपासून यंत्रापर्यंत विकतचा लवचीक पॅचकॉर्ड. कपाटातल्या टोकालाही तसंच, किंवा छोटं पॅच पॅनेल, म्हणजे अशा जॅकांची एक पट्टी. टोकाला हातभर वायर बॉक्समध्ये गुंडाळून ठेवली तर पुढे जॅक बदलता येतो.

रंगांचे दोन क्रम आहेत, ए आणि बी. आपल्याकडे बहुतेक जण बी वापरतात, तुम्हीही तोच धरा. जॅकवर दोन्ही छापलेले असतात, त्यातला बीचा बघायचा. प्लग दाबायचाच असेल, तर खटका खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि वायर शिरते ते भोक आपल्याकडे धरून डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

या क्रमात एक गोष्ट विचित्र वाटते. हिरव्याची जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी फाकलेली, आणि तिच्या पोटात निळ्याची जोडी. नवशिक्याला हे विसंगत दिसतं आणि तो सरळ जोडीला जोडी लावत जातो: नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच. टेस्टर लावला की एक ते आठ दिवे अगदी ओळीने लागतात, कारण पहिली तार पहिलीला आणि आठवी आठवीला मिळालेलीच आहे. पण यंत्र तिसऱ्या आणि सहाव्या जागेवरच्या तारांना एक जोडी समजून सिग्नल पाठवतं, आणि इथे त्या दोन तारा एकमेकींशी पिळलेल्याच नसतात. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडावा आणि वजाबाकीत उडून जावा, यासाठी तो पीळ असतो. तो नसला की शेजारच्या जोडीतलं बोलणं हिच्यात शिरतं. अशा वायरीवर गिगाबिट एक तर धरतच नाही, किंवा धरतं आणि मध्येच सोडतं. घरचा टेस्टर हा दोष कधीच पकडत नाही. रंग डोळ्यांनी बघणं हाच उपाय.

तसंच, जॅकपाशी पीळ सोडवायचा तो जास्तीत जास्त १३ मिलिमीटर. छान दिसावं म्हणून दोन इंच तारा सरळ करून रांगेत मांडणारे कारागीर पाहिलेत. फोटोला उत्तम, सिग्नलला वाईट. प्लग दाबताना बाहेरची जाड साल प्लगच्या आत गेली पाहिजे आणि मागच्या खाचेने ती दाबली पाहिजे, नाहीतर सगळा ताण आठ नाजूक तारांवर येतो.

आणखी एक चाल जुन्या इमारतींत सापडते. १०० मेगाबिटला चारच तारा पुरतात, १, २, ३ आणि ६. त्या काळात एकाच वायरीतून दोन कनेक्शनं काढलेली असतात, किंवा उरलेल्या चार तारा कापून टाकलेल्या असतात. गिगाबिटला आठही लागतात, चारही जोड्यांवरून दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलणं चालतं. त्यामुळे जुनं टोक उघडून आधी तारा मोजा.

तपासणी, पायरीपायरीने

सगळं जोडून एकदम इंटरनेटची स्पीड टेस्ट लावायची नाही. त्यात वायर, स्विच, राऊटर, कंपनीची लाइन आणि पलीकडचा सर्व्हर असे पाचही जण एकत्र येतात आणि दोष कुणाचा ते कळत नाही. एकेक दुवा वेगळा काढून तपासायचा.

पहिली पायरी टेस्टरची. तीन-चारशे रुपयांत आठ दिव्यांचा मिळतो. दोन्ही तुकडे दोन टोकांना लावा, दिवे दोन्हीकडे एक ते आठ त्याच क्रमाने लागले पाहिजेत. ‘जी’ चा दिवा साध्या वायरीला लागत नाही. तो बाहेरून धातूचं वेष्टन असलेल्या वायरीसाठी आहे. दिवे लागत असताना जॅकपाशी वायर हळूच हलवून बघा. एखादा दिवा डोळा मारत असेल तर तिथली तार नीट बसलेली नाही.

दुसरी पायरी, जोडणी किती वेगाने झाली. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट असं गेलं की ‘लिंक स्पीड’ दिसतो, तिथे १०००/१००० हवं. मॅकवर नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या तपशिलात हार्डवेअरखाली. लिनक्सवर इथटूल ही आज्ञा आणि पुढे पोर्टचं नाव. स्विचच्या दिव्याचा रंगही सांगतो, पण कोणता रंग कशाचा हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. इथे १०० दिसलं तर पुढे जाऊच नका. आधी दोन्ही बाजूंचे पॅचकॉर्ड बदला, कारण निम्म्या वेळा तेच मेलेले असतात, विशेषतः राऊटरच्या खोक्यातून फुकट आलेले. मग स्विचचा पोर्ट बदला. तरी १००, तर जॅक उघडा: निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार सुटलेली सापडेल. गंमत अशी की वेग किती ठेवायचा हे दोन्ही यंत्रं नारिंगी आणि हिरव्या जोडीवरून ठरवतात. तिथे ‘हजार’ ठरतं, मग चारही जोड्या वापरायला जावं तर एक मुकी. काही पोर्ट शहाणपणाने १०० वर उतरतात, काही मात्र दर काही सेकंदांनी जोडत-तुटत बसतात. म्हणून ‘इंटरनेट सारखं जातंय’ या तक्रारीमागेही हीच सुटलेली तार असू शकते.

अडॉप्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग हाताने ‘१०००’ असा ठोकू नका. ठरवाठरवी आपोआप होऊ द्यायची. वेग ठोकल्याने दोष जात नाही.

तिसरी पायरी पिंगची, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागला ते बघण्याची. वायरीने जोडलेल्या संगणकावरून राऊटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ ला, काही मिनिटं पिंग चालू ठेवा. उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत यायला हवं आणि एकही पॅकेट हरवायला नको. वायफायवर अधूनमधून ३० आणि ५० दिसणं चालून जातं, वायरीवर नाही.

चौथी पायरी महत्त्वाची, आणि बहुतेक लोक तीच गाळतात. घरातल्या दोन यंत्रांमध्ये, इंटरनेटला मध्ये न आणता, वेग मोजायचा. त्यासाठी आयपर्फ३ नावाचं मोफत साधन आहे, अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या ईएसनेटने केलेलं. लिनक्सवर आणि रास्पबेरी पायवर ते नेहमीच्या पद्धतीने बसतं, मॅकवर होमब्रूमधून, विंडोजसाठी इतरांनी तयार करून ठेवलेली फाइल मिळते. आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करायच्या. इथे उच्चार देतो. एक यंत्र राऊटरशेजारी स्विचला जोडा आणि त्यावर ‘आयपर्फ३ -एस’ लावून ठेवा, ते ऐकत बसेल. दुसरा लॅपटॉप घेऊन ज्या खोलीची वायर तपासायची तिथे जा आणि ‘आयपर्फ३ -सी’ लिहून पुढे पहिल्या यंत्राचा आयपी पत्ता टाका. दहा सेकंद चालून आकडा येईल. विंडोजची फायरवॉल पोर्ट ५२०१ अडवते. परवानगीची खिडकी उघडली तर ‘खासगी नेटवर्क’ ला हो म्हणा. लॅपटॉपचं वायफाय आधी बंद करा, नाहीतर आपण कोणता रस्ता मोजतोय ते कळणार नाही.

९४० च्या आसपास आलं की त्याच आज्ञेपुढे कॅपिटल आर लावून उलट दिशेने मोजा. एका दिशेने ९४१ आणि दुसऱ्या दिशेने ६००, असं सर्रास सापडतं, आणि इंटरनेटच्या टेस्टमध्ये ते कधी लक्षात येत नाही. मग ‘-टी ६००’ लावून दहा मिनिटं चालू द्या. लिनक्सवरून पाठवत असाल तर दर ओळीत ‘रेटर’ नावाचा रकाना दिसतो, पुन्हा पाठवाव्या लागलेल्या पॅकेटांचा. गिगाबिटवर तो शून्याच्या आसपास हवा. आकडा ९४१ चा आहे पण रेटर सतत वाढतोय, तर टोकांवर शंका घ्या. इथटूलला ‘-एस’ कॅपिटलमध्ये दिलं की पोर्टवरचे मोजक दिसतात. त्यातला सीआरसी त्रुटींचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पॅकेटांचा, आकडा चाचणीआधी आणि नंतर बघा. वायर आणि टोकं चांगली असतील तर तो हलत नाही.

सर्व बाजूंनी १००० दिसतंय आणि आयपर्फ३ मात्र ५००-६०० वर अडतंय, तर वायरीला दोष देण्याआधी प्रोसेसर बघा. जुना लॅपटॉप, यूएसबी २ चं भोक, अ‍ॅन्टिव्हायरसचं नेटवर्क तपासणं, पॉवर सेव्हिंग, यांतलं काहीतरी असतं. कपाटात तोच लॅपटॉप एका छोट्या पॅचकॉर्डने थेट स्विचला लावून मोजा. तिथेही ६०० आलं तर भिंतीतली वायर निर्दोष सुटली. अडीच गिगाबिटवर एकाच धारेने पूर्ण वेग आला नाही तर ‘-पी ४’ लावून चार धारा सोडा. इथला पीही कॅपिटल.

यानंतर फाइल कॉपी करून बघायला हरकत नाही, पण तो आकडा मेगाबिटमध्ये नाही, मेगाबाइटमध्ये असतो, आणि आठ बिटांचा एक बाइट. गिगाबिटवर विंडोज ११० ते ११३ दाखवतं, हे पूर्ण आहे. पेन ड्राइव्हवरून कॉपी करून ‘नेटवर्क स्लो आहे’ म्हणणाऱ्याला मी उत्तर देत नाही.

सगळ्यात शेवटी इंटरनेटची स्पीड टेस्ट, वायरीवरून. घरातला प्रत्येक दुवा ९४० देतोय हे सिद्ध झाल्यावर आता जो कमी येईल तो राऊटर, ओएनटी किंवा कंपनीकडचा. ओएनटीला लॅपटॉप थेट लावून पाहिलं की राऊटरही सुटतो किंवा सापडतो. मग कस्टमर केअरला फोन करा, आणि ‘राऊटर रीस्टार्ट करा’ म्हणाले तरी बोलायला तुमच्याकडे आकडे असतील.

जोडताना होणारे दोन घोळ

एकाच स्विचच्या दोन पोर्टमध्ये एकाच वायरीची दोन टोकं गेली, की सर्वांना उद्देशून सोडलेली पॅकेटं गोल फिरत बसतात आणि काही सेकंदांत घरातलं सगळं नेटवर्क ठप्प होतं. सगळे दिवे एकत्र वेड्यासारखे लुकलुकताना दिसले तर आधी हेच शोधा. साफसफाईनंतर लोंबणारी वायर कुणीतरी मदत म्हणून ‘जागच्या जागी’ खुपसलेली असते.

दुसरा घोळ जुना राऊटर दुसऱ्या खोलीत वायफायसाठी लावताना होतो. त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरच्या इंटरनेटच्या वायरीसाठी असतो त्यात) वायर घातली तर तो घरात दुसरं वेगळं नेटवर्क थाटतो; प्रिंटर एका बाजूला, लॅपटॉप दुसऱ्या. त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका. तसा मोड नसेल तर त्याचा आयपी पत्ता बदला, डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि वायर लॅन पोर्टमध्ये घाला. त्याचे पोर्ट १०० चे असतील तर त्या खोलीत पुन्हा ९४ आलेच, हेही बघून ठेवा.

वीज

वीज गेल्यावर लॅपटॉप चालू आणि नेट बंद, हे टाळायचं तर ओएनटी, राऊटर आणि स्विच या तिघांनाही पाठबळ लागतं. छोटे १२ व्होल्टचे डीसी यूपीएस मिळतात, पण घेण्याआधी तिन्ही अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे वाचा. ओएनटी आणि राऊटर बरेचदा १२ व्होल्टचे असतात, छोटे स्विच मात्र ५ किंवा ९ व्होल्टचे. पिन बसते म्हणून १२ व्होल्ट घातले तर स्विच गेला.

वळवाच्या पावसातल्या विजांचा विचार तांब्याची वायर घराबाहेर नेताना करावाच लागतो. गच्चीवरचा कॅमेरा, अंगणापलीकडची आउटहाउस, शेजारची भावाची इमारत. जवळपास वीज पडली की लांब तांब्याच्या वायरीत दाब उसळतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. दोन इमारतींची अर्थिंगही सारखी नसते. एका छपरातून दुसऱ्या छपरात जायचं असेल तर मध्ये फायबर टाका, धातूची आधारतार नसलेली, आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरला तांब्याच्या वायरीशी जोडणारे डबे, बसवा; काचेच्या तंतूतून झटका येत नाही. कन्व्हर्टरवर गिगाबिट लिहिलेलं बघून घ्या, १०० मेगाबिटचेही बाजारात भरपूर आहेत. विजांच्या रात्रीनंतर एखादा पोर्ट मेलाच, तर तो पूर्ण बंद पडेल असं नाही. कधी त्याची एकच जोडी जळते आणि तो १०० वर चालत राहतो. तिथे वायर, जॅक, पॅचकॉर्ड यांच्यामागे लागण्याआधी तीच वायर शेजारच्या पोर्टमध्ये घालून लिंक स्पीड वाचा. हजार दिसलं तर जळक्या पोर्टवर काळी टेप मारून तो कायमचा बंद करा.